हिरवा दिवा बघून चार्जर चालू आहे असं समजू नका: फास्ट चार्जर घरबसल्या कसे सांभाळायचे

तुर्भ्याला आमचा इलेक्ट्रिक गाड्यांचा एक ६० किलोवॅटचा फास्ट चार्जर आहे, दोन गनवाला (गन म्हणजे गाडीत लावायचं केबलचं तोंड). गेल्या पावसाळ्यात तो चार दिवस मोबाईलवर अव्हेलेबल दाखवत होता, हिरवागार, हार्टबीट (मी जोडलेला आहे असा चार्जरकडून ठरावीक वेळाने येणारा मेसेज) वेळेवर येतंय, एरर कोड काही नाही, आणि त्या चार दिवसांत त्याच्यावर एकही गाडी चार्ज झाली नव्हती. लोक येत होते, गन लावत होते, दीड मिनिटात सेशन बंद, युनिट शून्य, लोक निघून जात होते. चौथ्या रात्री एका ताईंचा फोन आला, पनवेलहून ठाण्याला चालल्या होत्या, गाडीत ७ टक्के, मागे दोन मुलं झोपलेली, म्हणाल्या दादा ॲपवर हिरवा दिसला म्हणून मी नेरूळचा चार्जर सोडून पुढे आले. त्यांना महाप्याच्या एका चार्जरवर पाठवलं आणि त्या पोचेपर्यंत फोनवर थांबलो. दुसऱ्या दिवशी बघितलं तर दोन्ही गनमध्ये पाणी जाऊन गाडीशी बोलणाऱ्या पिना काळ्या पडलेल्या. चार्जरला स्वतःला काहीच झालं नव्हतं म्हणून तो खरंच अव्हेलेबल होता, फक्त गाडीशी बोलू शकत नव्हता.

तेव्हापासून मी स्टेटस बघत नाही, शेवटचं यशस्वी सेशन कधी झालं आणि किती युनिट गेले ते बघतो. ठाणे-नवी मुंबईत चार्जर टाकणाऱ्या सगळ्यांना हेच सांगतो, आता बाकीचं नीट सांगतो.

सुरुवात खरेदीपासूनच होते. चार्जर आणि सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला ओसीपीपी म्हणतात. १.६ व्हर्जन २०१५ चं, २.०.१ हे २०२० चं, आणि बाजारात १.६ वाले चार्जर अजूनही भरपूर आहेत, त्याने काम छान होतं. पण चार्जर घेताना लेखी घ्या की सर्व्हरचा पत्ता आपल्याला बदलता येईल आणि ॲडमिन पासवर्ड आपल्याकडे राहील. हे नसेल तर उद्या सॉफ्टवेअरवाला बदलायचा म्हटलं की अख्खं मशीन अडकतं. आणि पासवर्ड हातात आला की आधी तो बदला, कंपनीतून आलेला पासवर्ड सगळ्या मशीनला एकच असू शकतो आणि चार्जरच्या स्वतःच्या वायफायवरून शेजारी उभा असलेला कोणीही आत शिरू शकतो. सर्व्हरचा पत्ता डब्ल्यूएसएस (wss, म्हणजे कुलूपबंद कनेक्शन) ने सुरू होतोय ना तेही बघा, नुसतं डब्ल्यूएस असेल तर सगळा संवाद उघडा जातो.

मग नेटवर्क. आमच्याकडे चार्जर ऑफलाइन जायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, मशीन बिघडणं नाही. चार्जरच्या आतल्या सिमवर भरवसा ठेवू नका, बाहेर दोन सिमचा राउटर लावा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका (हे किरकोळ वाटतं पण आमचा एक चार्जर फक्त सिमची मुदत संपली म्हणून अर्धा दिवस बंद होता). बेसमेंट पार्किंग असेल तर अँटेनाची वायर वर काढा, घोडबंदर रोडला आम्हाला रॅम्पच्या तोंडापर्यंत न्यावी लागली. आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. याचा फायदा असा की लाइट गेली तर चार्जर ऑफलाइन दिसतो पण राउटर चालू दिसतो, म्हणजे घरी बसून कळतं की गडबड विजेची किंवा मशीनची आहे, आणि दोन्ही गेले असतील तर आधी नेटवर्कवर संशय घ्यायचा. नाहीतर रात्री ११ वाजता माणूस पाठवायचा आणि तो सांगणार की साहेब इथे अख्ख्या एरियाची लाइट गेलीय.

मोबाईल नेटवर्क निवांत पडलेलं कनेक्शन गुपचूप तोडतं, म्हणून चार्जरच्या सेटिंगमध्ये वेबसॉकेट पिंग इंटरव्हल (कनेक्शन जागं ठेवणारी छोटी टिचकी किती वेळाने मारायची ते) ६० सेकंदांच्या आसपास ठेवा, हार्टबीट ३०० सेकंद पुरे. मीटर व्हॅल्यू (चार्जिंग चालू असताना किती वीज जातेय त्याचे आकडे) मात्र ३० सेकंदांनी मागवा, खरी माहिती तिथेच असते.

आता अलर्ट. चार्जर बघायच्या सॉफ्टवेअरच्या तयार डॅशबोर्डमध्ये फक्त ऑफलाइन आणि फॉल्टेड चा अलर्ट लावून मिळतो, तेवढ्यावर राहिलात तर तुर्भ्यासारखं होणार. मी हे लावून घेतलेत: एकाच गनवर लागोपाठ दोन सेशन एक युनिटच्या आत संपली तर लगेच फोन वाजला पाहिजे. रोज पाच-सहा गाड्या येणाऱ्या जागी १२ तासांत एकही सेशन नाही, तरीही वाजला पाहिजे. आणि तिसरा माझा आवडता, दिवसभरात चार्जरने जास्तीत जास्त किती किलोवॅट दिले त्याचा आकडा. फास्ट चार्जरच्या आत पॉवर मॉड्यूल असतात, ६० चा असेल तर ३० चे दोन किंवा २० चे तीन, समांतर जोडलेले. त्यातलं एक मेलं तरी चार्जर हिरवाच राहतो, गाडी चार्ज पण होते, फक्त अर्ध्या किंवा दोन तृतीयांश वेगाने, आणि लोकांना वाटतं यांचा चार्जर स्लो आहे. एका गाडीवरून ठरवू नका, जुन्या गाड्या मुळातच ३० च्या आत घेतात आणि ८० टक्क्यांनंतर सगळ्याच गाड्या हळू होतात. पण तीन-चार दिवस कुठल्याच गाडीला ३० च्या (तीन मॉड्यूल असतील तर ४० च्या) वर मिळालं नसेल तर मॉड्यूल गेलंय किंवा मशीन गरम होऊन स्वतः पॉवर कमी करतंय. गरम होत असेल तर आधी फिल्टर बघा. तुर्भे, महापे, रबाळे या एमआयडीसी पट्ट्यात धूळ इतकी आहे की फिल्टर आम्ही महिन्याला झटकतो, घोडबंदरला मेट्रोचं काम चालू असताना तर त्याहून लवकर लागायचं.

तक्रारीचा फोन आला की घाईघाईत रिसेट मारू नका, ही सवय सगळ्यांना लागते आणि तीच सगळ्यात वाईट. काही मशीनमध्ये रिसेट झाल्यावर आतल्या नोंदी पुसल्या जातात आणि मग कंपनीचा इंजिनिअर म्हणतो लॉग नाही तर काय बघू. आधी डायग्नोस्टिक्स, म्हणजे त्या आतल्या नोंदींची फाइल मागवा, ती आली की पुढचं. मग ट्रिगर मेसेजने (चार्जरला आत्ताच माहिती पाठव असं सांगणारी कमांड) ताजं स्टेटस मागा, कधी कधी मशीन ठीक असतं आणि डॅशबोर्डच जुनं दाखवत असतो. सेशन अडकलं असेल तर रिमोट स्टॉप, म्हणजे घरूनच ते सेशन थांबवायचं. त्याने नाही झालं तर सॉफ्ट रिसेट (चालू सेशन नीट बंद करून मशीन परत सुरू करणं), आणि हार्ड रिसेट (थेट बंद करून परत सुरू करणं) अगदी शेवटी, आणि दोन्ही रिसेट दुसऱ्या गनवर कोणाची गाडी चार्ज होत नाहीये हे बघूनच. एकदा आमच्याकडून एका गनसाठी रिसेट मारला आणि दुसऱ्या गनवरच्या कॅबवाल्याचं चार्जिंग मध्येच तुटलं, त्याची एअरपोर्टची ट्रिप होती. तो माणूस परत आला नाही आणि त्याचं बरोबर होतं.

गन अडकली, निघत नाही, हा फोन हमखास येतो. डॅशबोर्डवर अनलॉकचं बटण असतं पण सीसीएस २ या फास्ट चार्जिंगच्या गनमध्ये ती धरून ठेवणारं लॉक गाडीच्या बाजूला असतं, चार्जरच्या नाही, त्यामुळे ते बटण कितीही दाबा, उपयोग होत नाही. सेशन थांबवा, करंट शून्यावर आला का बघा, मग समोरच्याला सांगा काका गाडी चावीने एकदा लॉक करून परत अनलॉक करा आणि गन थोडी आत दाबून मग ओढा. बहुतेक वेळा निघते. नाही निघाली तर गाडीत इमर्जन्सी रिलीजची दोरी असू शकते, ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघायला सांगा, जोर लावू देऊ नका.

एरर कोड वाचायला शिका. ईव्ही कम्युनिकेशन एरर एकाच गाडीला येत असेल तर गाडीत शोधा, तीन वेगवेगळ्या गाड्यांना आला तर आपल्या गनमध्ये. इनपुट व्होल्टेज किंवा फेजचा एरर आला तर बहुतेक वेळा महावितरणचा एक फेज गेलेला असतो, १९१२ ला तक्रार नोंदवा, कंझ्युमर नंबर हाताशी ठेवा, फेज आला की आमची मशीन आपोआप उठतात. आणि ग्राउंड फेल्युअर, इन्सुलेशनचा फॉल्ट किंवा कोणीतरी लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं, यातलं काहीही असेल तर घरून काहीही करायचं नाही. रिसेट नाही, रिमोट स्टार्ट नाही. ती गन अनअव्हेलेबल करा म्हणजे ॲपवर नवीन कोणी येणार नाही, वॉचमन काकांना फोन करून तिथे कोणाला हात लावू देऊ नका सांगा, आणि इलेक्ट्रिशियन जाऊन बघेल तेव्हाच पुढचं. या मशीनच्या गनमधून कितीतरी शे व्होल्ट डीसी जातो आणि पावसात खाली पाणी साचलेलं असतं, दोनशे रुपयांच्या सेशनसाठी कोणाच्या जिवाशी खेळायचं नाही.

लोडचं पण घरूनच बघता येतं. ६० किलोवॅटचा चार्जर पूर्ण चालला तर फेजला साधारण ९० अँपिअर ओढतो. एका जागी असे दोन आणि मंजूर लोड १०० किलोवॅट असेल तर दोन्ही एकदम फुल चालले की लोड ओलांडणार आणि बिलात दंड येणार. चार्जिंग प्रोफाइल नावाची सोय आहे, त्यातून प्रत्येक चार्जरला ४५ ची मर्यादा घाला, मशीनमध्ये वाया जाणारी वीज धरून दोन्हीचं मिळून ९५ च्या आसपास बसतं. सॉफ्टवेअर चांगलं असेल तर एकच चार्जर चालू असताना त्याला पूर्ण ६० देतं, ते विचारून घ्या. बिलातले टीओडीचे (दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणाऱ्या वीजदराचे) स्लॉट पण बघा आणि रेट त्याप्रमाणे लावा. इथे एक खड्डा आहे, ओसीपीपी मधली वेळ साधारण यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्ये येते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे रात्री २ चं सेशन आदल्या दिवशी संध्याकाळी साडेआठचं दिसतं. आमचा पहिल्या महिन्याचा सगळा हिशोब यामुळे चुकला होता, बिलाशी जुळेचना.

फर्मवेअर (चार्जरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट सगळ्या मशीनला एकदम सोडू नका. आधी सगळी सेटिंग काढून ठेवा, मग एकच चार्जर, कामाच्या दिवशी सकाळी, तिथे आपला माणूस उभा असताना. दोन-तीन दिवस तो चालला की बाकीचे. शुक्रवारी संध्याकाळी तर अजिबात नको, शनिवारी सकाळी सगळा घोडबंदर रोड बाहेरगावी निघालेला असतो.

आणि हे सगळं करूनही जागेवर एक माणूस लागतोच. आमच्याकडे वॉचमन काका आहेत, त्यांना महिन्याला वेगळे पैसे देतो, तेही वेळेवर, कारण ते काम करतात. त्यांना तीनच गोष्टी शिकवल्यात: गन होल्डरमध्ये नीट अडकवायची, तोंड उघडं ठेवायचं नाही, आणि मी सांगितलं की पिनांचा फोटो पाठवायचा. खाडीजवळची खारी हवा आणि पाऊस मिळून पिना फार लवकर खराब होतात, म्हणून जून ते सप्टेंबर दर सोमवारी सगळ्या गनचे फोटो येतात. अर्थिंगची तपासणी मेमध्येच करून घेतो.

रोज रात्री १० ला मी पाच मिनिटं बसतो. प्रत्येक गनचं शेवटचं नीट झालेलं सेशन कधीचं, एवढंच बघतो. २४ तासांपेक्षा जुनं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा पोरगा त्याची ईव्ही घेऊन तिथे जातो, गन लावतो, दोन युनिट भरतो आणि मला स्क्रीनचा फोटो पाठवतो. तो फोटो येईपर्यंत ती गन ॲपवर हिरवी ठेवत नाही.