फाईल मागायला उशीर, सही करायला घाई: दवाखान्याच्या आणि घरातल्या तक्रारींत या चुका टाळा

नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या बाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. बावीस वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. मी वकील नाही. लोक सांगतात ते टाइप करतो, आणि पुढे त्या कागदाचं काय झालं तेही तेच लोक येऊन सांगतात. त्या ऐकण्यातून थोडंफार शिकलो.

दवाखान्याची तक्रार घेऊन येणारा माणूस मेडिकलची प्लास्टिकची पिशवी घेऊन येतो. ती टेबलावर उपडी केली की औषधांची बिलं, गुंडाळलेला एक्स-रे, लॅबचे रिपोर्ट, चहाचा डाग पडलेलं डिस्चार्ज कार्ड एवढं निघतं. दवाखान्यात रोज काय घडलं हे ज्यावर लिहिलेलं असतं ते इनडोअर पेपर त्यात नसतात. बिलंही गुळगुळीत कागदाची, सहा महिन्यांत कोरी होणारी. म्हणून पहिलं काम म्हणजे बिलांच्या झेरॉक्स. ते आजच करा.

फाईल तोंडी मागणं

'मागितली होती, देत नाहीत म्हणाले.' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. कोणाकडे मागितली? 'काउंटरवरच्या मुलीकडे.' याचा उपयोग शून्य. डॉक्टरांच्या व्यवसायासाठी २००२ साली जे नियम झाले, त्यांत लिहिलंय की रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागणी केली की ७२ तासांत कागद द्यायचे. दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचीही आहेत. पण ७२ तास मोजायचे तर मागणीची तारीख हवी, आणि तारीख लेखी अर्जावरच पडते.

अर्ज दोन ओळींचा पुरतो. 'माझी आई अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आपल्याकडे दाखल होती. तिचे इनडोअर केसपेपर, नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता, ऑपरेशन व भुलेच्या नोंदी, संमतिपत्रं आणि तपासणी अहवाल यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.' संपलं. 'तुमच्या हलगर्जीमुळे' वगैरे इथे लिहू नका. तो राग मलाही कळतो, पण त्या एका शब्दाने फाईल आधी त्यांच्या वकिलाच्या टेबलावर जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. पोहोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवा.

या कागदांत काय दडलेलं असतं ते एका केसमध्ये कळलं. सिन्नरकडचा एक माणूस आला होता. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखाना. घरी आणली तर पाठीला तळहाताएवढा बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम. दवाखाना म्हणे, 'जखम घरून आली.' हा म्हणे, 'तुमच्याकडे कोणी कूस बदलली नाही.' दोघंही छातीठोक बोलत होते. शेवटी फाईल आली. दाखल करतानाच्या नर्सिंग नोंदीत नर्सने लिहिलं होतं: त्वचा चांगली, जखम नाही. कूस बदलल्याच्या नोंदी पहिले पाच दिवस, त्यानंतर रकाना कोरा. दोन महिन्यांचं भांडण एका कोऱ्या रकान्याने मिटवलं.

मात्र नोंद उलटीही निघू शकते. 'दाखल होताना पाठीवर जुनी जखम' असं लिहिलेलं असेल, तर प्रश्न दवाखान्याचा राहत नाही, घरचा होतो. पिशवी आणणारा मुलगाच असेल तर अशा वेळी मी टाइप करता करता थांबतो.

पोस्टमॉर्टेम नको म्हणणं

दुःखात कोणालाच ते नको असतं. 'आता आणखी चिरफाड कशाला?' पण मृत्यूबद्दल खरंच शंका असेल आणि अंत्यसंस्कार उरकले, तर मृत्यूचं कारण सर्टिफिकेटवर जे लिहिलंय तेच राहतं. शंका असेल तर शव हलवण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोस्टमॉर्टेमची मागणी करा.

आणि काचा फोडू नका. महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. दवाखान्यात मारहाण किंवा तोडफोड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीची दुप्पट भरपाई. जामीनही सहज नाही. त्यानंतर केसमध्ये आरोपी तुम्ही असता.

सगळ्यांनाच एक अर्ज

मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, पोलीस आयुक्त, कलेक्टर, महापालिका असे नऊ पत्ते असलेला अर्ज टाइप करून द्यायला मला पैसे मिळतात, तरी सांगतो, करू नका. प्रत्येक दाराशी वेगळी गोष्ट मिळते.

पैशांची भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. डॉक्टरवर व्यावसायिक कारवाई हवी तर मुंबईची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. ती ताकीद देते, नोंदणी काढते, पैसे देत नाही. डॉक्टर आयुर्वेदाचा, होमिओपॅथीचा किंवा दातांचा असेल तर त्यांच्या परिषदा वेगळ्या, म्हणून आधी पाटीवरची पदवी नीट वाचा. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे म्हणून तिकडे अर्ज घेऊन जाणारे भेटतात. ते परीक्षा घेतं, डॉक्टरांची चौकशी करत नाही. दवाखान्याची नोंदणी, दरपत्रक किंवा रुग्णहक्कांची सनद न लावणं अशी तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.

पोलीस ठाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे अपेक्षाभंग होतो. 'डॉक्टरला आत टाका' म्हणून लोक जातात. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फौजदारी कारवाईला साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा ढोबळ, म्हणजे उघडउघड गंभीर हवा, आणि कारवाईआधी शक्यतो सरकारी सेवेतल्या त्याच शाखेच्या डॉक्टराचं निःपक्ष मत घ्यायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना झालेल्या निष्काळजी मृत्यूसाठी जास्तीत जास्त २ वर्षं शिक्षा आहे. पोलीस लगेच गुन्हा दाखल करत नाहीत, ते दरवेळी 'सेटिंग' असतंच असं नाही.

ग्राहक आयोगातल्या चुका वेगळ्या. मुदत २ वर्षं. नोटीस पाठवली, उत्तर आलं, परत नोटीस पाठवली, यात मुदत थांबत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पटेल असं कारण दाखवावं लागतं. 'वीस लाख मागायचेत, मग मुंबईला जावं लागेल ना?' असंही विचारतात. नाही. २०१९ च्या कायद्यात तुम्ही किती मागता यापेक्षा तुम्ही किती बिल भरलंत ते पाहतात. ५० लाखांपर्यंत बिल असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. उपचार मुंबईत झाले असले तरी तुम्ही नाशिकला राहता, म्हणून नाशिकला तक्रार करता येते. हा मुद्दा अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतो.

'केसपेपरचे पैसे भरले, म्हणजे मी ग्राहक' हेही चुकीचं. जिथे सगळ्यांवर मोफतच उपचार होतात, तिथे नावापुरती नोंदणी फी भरली म्हणून ग्राहक कायदा लागू होत नाही. तिथे दिवाणी कोर्टाचा रस्ता राहतो. मेडिक्लेमने बिल भरलं असेल तर मात्र ते मोफत धरत नाहीत.

आणि तक्रार टाइप करण्याआधी फाईल दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. ऑपरेशन करूनही माणूस गेला, एवढ्याने हलगर्जी सिद्ध होत नाही. संमतिपत्रावर सही होती म्हणून डॉक्टर सुटतो असंही नाही. २००८ च्या एका निकालात कोर्टाने स्पष्ट केलंय की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे.

बक्षीसपत्राची घाई

आता घरचं. इथे पिशवी नसते, तर पदराच्या किंवा शर्टाच्या आत ठेवलेला एकच कागद असतो. बहुतेक वेळा बक्षीसपत्र.

महाराष्ट्रात मुलाबाळांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. म्हणून एजंट म्हणतो, 'बाबा, मृत्युपत्राच्या भानगडीत कशाला पडता, आत्ताच करून टाका.' दिंडोरीकडच्या एका बाबांनी द्राक्षबाग दोन्ही मुलांच्या नावे अशीच केली. सातबारा बदलला, आणि पुढच्या छाटणीला बाबांना बागेत जायला बंदी. मजकुरात लिहिलेलं काय, तर 'प्रेमापोटी व आपुलकीपोटी'. सांभाळाचा एक शब्द नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर व्यवहार रद्द करून मागता येतो. अडचण त्या अटीची. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, अट होती हे दाखवावं लागेल. २ जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित निकालात कोर्टाने कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला आणि न्यायाधिकरण, म्हणजे या कायद्याचे अर्ज ऐकणारे प्रांताधिकारी, ताबाही परत देऊ शकतं असं सांगितलं. पण तिथे आईच्या हातात मुलाने सांभाळण्याबद्दल लिहून दिलेला कागद होता. तेव्हा करायचंच असेल तर मजकुरात हे घाला: 'देणार यांच्या हयातीत त्यांचं अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार घेणार यांनी करायचे आहेत, तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द करण्याचा हक्क देणार यांना राहील.' घेणाऱ्याला हे वाक्य खटकलं, तर सही करण्याआधी खटकलेलं बरं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मृत्युपत्र करा. ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं.

प्रांतांसमोरच्या चुका

मुलं सांभाळत नसतील तर याच २००७ च्या कायद्याखाली निर्वाहाचा, म्हणजे दरमहा खर्चाच्या पैशांचा अर्ज करता येतो. तो कोर्टात नाही, प्रांताधिकाऱ्यांकडे. नाशिक, निफाड, मालेगाव, ज्याचा जो उपविभाग असेल तिथे. मुलगा पुण्यात असला तरी तुम्ही राहता तिथेच अर्ज चालतो. मिळणारी रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १० हजार, म्हणून पंचवीस हजार मागणारा अर्ज टाइप करायला सांगू नका. त्याऐवजी औषधांची चिठ्ठी, किराणा, घरभाडं यांचा हिशेब जोडा. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा आहे, फार तर ३० दिवस वाढवून. मूलबाळ नसेल तर मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला मिळणार आहे त्या नातेवाइकावरही अर्ज होतो. पोटगीसाठी फौजदारी कोर्ट किंवा हे न्यायाधिकरण, दोन्हींपैकी एकच निवडायचं.

आया हमखास एक गोष्ट करतात. तीन मुलं असली तरी नाव एकाचंच सांगतात. 'धाकट्याला त्रास नको, आणि लेकीचं तर घालूच नका, तिचं सासर आहे.' मग नोटीस मिळालेला मुलगा हजर होऊन बाकीच्यांना पक्षकार करायला लावतो, तारखा वाढतात, लेकीला नोटीस जाते ती जातेच. सगळ्यांची नावं पहिल्याच अर्जात असू द्या.

दुसरी चूक हुकूम मिळाल्यानंतरची. पैसे दोन महिने आले, मग थांबले. आई वाट पाहते. रक्कम देय झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. बँकेचं पासबुक दर महिन्याला भरून घ्या.

घरातून सुनेला बाहेर काढा, असं लिहायला सांगणाऱ्यांना मी २०२० चा निकाल सांगतो. सुनेचा राहत्या घरातला हक्क ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्याने परस्पर पुसता येत नाही. आईला छळ होत असेल तर घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तिला स्वतःला मुलाविरुद्ध जाता येतं, २०१६ पासून सुनेविरुद्धही. वकील परवडत नाही म्हणाल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७, आणि हात उचलला जात असेल तर सरळ ११२.

'बाथरूममध्ये पडले'

मागच्या पावसाळ्यात पंचवटीतल्या एक मावशी आल्या. मनगटाला प्लास्टर. मुलाने ढकललं होतं. मी विचारलं, 'मावशी, दवाखान्यात डॉक्टरांना काय सांगितलंत?'

'पडले म्हणून सांगितलं. तो शेजारीच उभा होता ना.'

म्हणजे केसपेपरवर पडणं आलं. पोलिसांत तक्रार केली की पहिला प्रश्न तोच येणार. असं झालं असेल तर लपवू नका. तक्रारीतच लिहा, कारणासकट. मी टाइप केलं: 'त्या वेळी माझा मुलगा माझ्याजवळ उभा असल्याने भीतीपोटी मी डॉक्टरांना पडल्याचे सांगितले, ते खरे नव्हते.' मावशींनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा पुसून डाव्या हाताने अंगठा उठवला. उजवा प्लास्टरमध्ये होता.

झेरॉक्सच्या दोन प्रती काढल्या. एक ठाण्यासाठी. दुसरी त्यांनी घडी करून मला परत दिली. म्हणाल्या, 'ही घरी नेत नाही. उद्या शेजारची वहिनी येईल, तिच्याकडे दे.'