नितळ दिसलं म्हणून प्यायलं: डोंगरात पाणी गाळताना होणाऱ्या चुका

दहा-बारा वर्षांपूर्वी वाईकडच्या एका गडावर आम्ही सात जण मुक्कामाला होतो. टाक्यातलं पाणी इतकं नितळ की तळाशी पडलेली दगडी पायरी दिसत होती. रुमालातून गाळलं, पोटभर प्यायलो. ‘बाटलीबंद पाणी झक मारेल’ असंही कुणीतरी वर म्हणालं. मंगळवार उजाडेपर्यंत सातातले चार जण घरी आडवे झाले होते. मी त्या चारांतला.

तेव्हापासून आमच्या रविवारच्या भटकंतीत पाण्याचं खातं माझ्याकडे आलं. सातारा-सांगलीकडच्या पोरांबरोबर फिरताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. पाणी गाळणं वेगळं आणि त्यातले जंतू मारणं वेगळं, हे डोक्यात पक्कं नसतं.

फडक्यावर भलता भरवसा

सुती साडीच्या चार पदरी घडीची भोकं साधारण २० मायक्रॉनची असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, किंवा टायफॉईडचा जंतू एक-दोन मायक्रॉनचा आणि काविळीचा विषाणू त्याच्याही कितीतरी पट लहान. शेळ्या अडवायला घातलेल्या कुंपणातून मुंग्या जाणारच.

पण म्हणून फडकं टाकून द्यायचं कारण नाही. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळायला शिकवलं आणि तिथे पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्याचे निष्कर्ष २००३ साली छापून आले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात आणि ते किडे फडक्यात अडकतात, एवढी साधी गोष्ट. जुन्या माणसांना नारू, म्हणजे अंगातून बाहेर निघणारा दोऱ्यासारखा लांब जंत, आठवत असेल. तोही पायऱ्यांच्या विहिरीतल्या असल्याच बारीक किड्यांतून पोटात जायचा आणि तो हटवताना फडक्याची गाळणी मोठ्या कामाला आली. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ सालचा.

तर फडकं वापरा, पण नीट. ते जुनं आणि सुती हवं. धुऊन धुऊन तंतू फुलतात आणि भोकं आणखी बारीक होतात, म्हणून आजीच्या विटक्या लुगड्याचा तुकडा नव्या कोऱ्या कापडापेक्षा सरस. गळ्यातला सिंथेटिक बफ या कामाचा नाही. ज्याने सकाळपासून घाम पुसला तो रुमाल तर नकोच. एक चूक मात्र सगळेच करतात. दुसऱ्यांदा गाळताना फडकं उलटं धरलं जातं आणि मघाशी अडकलेला सगळा ऐवज आता गाळलेल्या पाण्यात उतरतो. एका कोपऱ्याला गाठ मारून ठेवा. गाठ कायम वरच्या अंगाला. घरी आल्यावर फडकं धुऊन कडक उन्हात वाळवा.

पाणी निवडतानाच घसरणं

‘वाहतं पाणी शुद्धच’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ओढा वाहतो, पण वरच्या अंगाला म्हशी बसल्या आहेत की वाडी आहे, हे खालून दिसत नाही. शक्य असेल तर उगमाकडे चाला आणि जिथे पाणी खडकातून बाहेर पडतं तिथेच बाटली धरा.

गडावरच्या टाक्यांपैकी खडकाच्या पोटातलं, सावलीतलं टाकं बघा. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय असेल तर ते टाकं सोडून द्या. त्यातल्या काही शेवाळांचं विष उकळूनही जात नाही. दातेगडावरची तलवारीच्या आकाराची विहीर जरूर बघा, पायऱ्या उतरून खालीही जा, पण पिण्याचं पाणी पाटणमधूनच भरून न्या.

कृष्णा-वारणेच्या ऊसपट्ट्यात तर माझा सरळ नकार असतो. शेतातून निथळून आलेलं युरियाचं पाणी किंवा फवारणीची औषधं ना गाळून जातात, ना उकळून. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेट मागेच राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फुटांची. असल्या पुराच्या पाण्यात डिझेलपासून गटारापर्यंत सगळं मिसळलेलं असतं. तिथे जुगाड करू नका, टँकरच्याच पाण्यासाठी थांबा.

बाटलीचा फिल्टर: दिसायला झकास

बाटलीचा बूड कापायचा, ती उलटी टांगायची आणि आत कोळसा, वाळू, खडी भरायची. हे प्रत्येकाने एकदा तरी करून बघितलेलं असतं. मलाही आवडतं, शाळेच्या पोरांना दाखवायला तर फारच. फक्त त्यातून निघालेलं पाणी थेट प्यायचं नसतं.

पहिली चूक थरांच्या क्रमाची. बारीक वाळू सगळ्यात वर टाकली की पाच मिनिटांत गाळ साचून पाणी थांबतं. बुचाकडून वर येताना क्रम असा ठेवा: फडक्याची घडी, कोळशाचा चुरा, बारीक वाळू, जाड वाळू आणि सगळ्यात वर खडी. बूच काढू नका, तापवलेल्या सुईने त्याला तीन-चार भोकं पाडा.

पाणी धो-धो खाली येत असेल तर खूश होऊ नका. ते वाळूतून न येता बाटलीच्या कडेने वाट काढतंय. थर ओले करून बोटांनी कडेला दाबून बसवा. पाणी काळं येत असेल तर कोळसा धुतलेला नाही. मातकट येत असेल तर वाळू धुतलेली नाही. वाळूवरचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत ती पातेल्यात चोळून धुवायची, याला सात-आठ पाणी सहज लागतात. तरीही पहिले दोन-तीन लिटर ओतूनच द्या.

कोळशाबद्दलही जरा सांगायला हवं. चुलीतला कोळसा म्हणजे दुकानातल्या फिल्टरमधला सक्रिय कार्बन नव्हे. तो वास आणि रंग थोडाफार ओढून घेतो, पण अर्धवट जळालेलं लाकूड असेल तर पाण्याला धुराचा वास येतो. राख तर अजिबात नको.

‘मग गावात वाळूचे फिल्टर बसवतात ते कसे चालतात?’ हा प्रश्न हमखास येतो. त्या फिल्टरमध्ये वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांचा एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि रोगाचे जंतू तोच खातो. तो धरायला दोन ते चार आठवडे लागतात, वाळू कायम पाण्याखाली ठेवावी लागते. तुमची बाटली अर्ध्या तासापूर्वी जन्मली आहे.

झिरा खणला, पण उपसला नाही

बाटलीपेक्षा कितीतरी जुना वाळूचा फिल्टर म्हणजे झिरा, नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. तो मला म्हसवडच्या पुढे माणगंगेच्या कोरड्या पात्रात एका मेंढपाळ मामांनी दाखवला. पात्रात एका खड्ड्यात थोडं गढूळ पाणी साचलं होतं. आम्ही तिथेच फडकं काढलं, तर मामा काठी टेकत आले.

“पाव्हणं, ते मेंढरांचं हाय. तुमी हिकडं या.”

त्या डबक्यापासून पाच-सहा हात लांब त्यांनी करवंटीने वाळू उकरायला घेतली. हातभर खाली गेल्यावर वाळू गडद झाली, मग ओली झाली, मग तळाला हळूहळू पाणी पाझरू लागलं. माझ्या मित्राने लगेच तांब्या पुढे केला. मामांनी त्याचा हात बाजूला सारला. ते सगळं पाणी करवंटीने उपसून बाहेर फेकलं आणि तंबाखू मळत बसले. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा उपसलं. तिसऱ्या वेळी जे आलं ते तांब्यात घेतलं तर तांब्याचा तळ दिसत होता.

वाळूतून पाझरून आलेलं पाणी बराचसा गाळ आणि बरेच जंतू मागे ठेवून येतं. पण खणताना आपणच उठवलेली घाण पहिल्या पाण्यात असते. बहुतेक जण तेच भरून घेतात. झिरा डबक्याला खेटून खणणं ही दुसरी चूक, पाण्याला वाळूतून चालायला अंतर हवं. आणि हे पाणीसुद्धा मी उकळूनच पितो. मामा मात्र तसंच प्यायले आणि आमच्याकडे बघून हसले.

तुरटी आणि शेवगा

पावसाळ्यातल्या चहाच्या रंगाच्या पाण्याला तुरटी हवीच. खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवा, मग हळूहळू ढवळा आणि तासभर हात लावू नका. लोक ढवळतच राहतात आणि बसत आलेला गाळ पुन्हा उठवतात. किंवा खडा आतच सोडून देतात, मग पाणी तुरट लागतं. निवळल्यावर भांडं हलके तिरकं करून वरचं पाणी काढून घ्या, तळाचं चार बोटं पाणी टाकून द्या.

तुरटी नसेल तर शेवग्याच्या बियाही तेच काम करतात. मात्र झाडावरच वाळलेल्या शेंगेतल्या बिया हव्यात, आमटीतल्या कोवळ्या शेंगेतल्या नाहीत. टरफल काढून आतला पांढरा गर कुटायचा, गढूळ पाण्याला लिटरमागे एक-दोन बिया. थोड्या पाण्यात कालवून ते दूध गाळून घ्यायचं आणि मोठ्या भांड्यात घालायचं. बियांचा अंश पाण्यात उरत असल्याने हे पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, नासतं.

उकळताना घाई, नाहीतर अतिरेक

कडेला बुडबुडे दिसले की भांडं उतरवणारे आणि वीस मिनिटं सरपण जाळत बसणारे, दोन्ही चुकतात. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. तीन मिनिटांचा नियम आहे तो साधारण ६,५०० फुटांच्या वर. महाबळेश्वर ४,५०० फुटांच्या आसपास आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे आपल्या राज्यात कुठल्याही डोंगरावर एकच मिनिट मोजायचं. उकळलेलं पाणी बेचव लागलं तर दोन स्वच्छ भांड्यांत चार-सहा वेळा उंचावरून ओता, चव परत येते.

औषध घातलं, पण कधी?

क्लोरीनच्या गोळ्या हलक्या, स्वस्त आणि सरपण नसताना हाताशी येणाऱ्या. पण काही गोळ्या एक लिटरसाठी असतात, काही २० लिटरसाठी. पाकीट वाचा. ग्रामपंचायतीच्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरची चिमूट बाटलीत टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. ती विहिरीला मोजून घालायची गोष्ट आहे आणि जुनी, सर्दावलेली असेल तर तिच्यात जोरही उरत नाही.

गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं, म्हणून आधी निवळा, गाळा आणि मगच औषध घाला. बाटलीच्या फिल्टरमध्ये ओतण्याआधी गोळी टाकली तर कोळसा सगळं क्लोरीन पिऊन टाकतो. औषध घातल्यावर अर्धा तास थांबायचं, डिसेंबरातल्या थंडगार पाण्याला तासभर. लगेच लिंबू पिळू नका, त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करतं. शेवटी हलका वास येत असेल तर औषध लागू पडलं. वास अजिबात नसेल तर पाणी अजून घाण आहे, मात्रा पुन्हा द्या. आणि बाटलीचे आटे विसरू नका. ओढ्यात बुडवलेल्या बाटलीच्या आट्यांत कच्चं पाणी अडकलेलं असतं. बूच जरा सैल करून बाटली उलटी करा, म्हणजे औषधाचं पाणी तिथेही पोहोचेल.

एवढं करूनही काही कवचवाले परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून चूल पेटवता येत असेल तर मी उकळणंच पसंत करतो.

ऊन

रंगहीन, पारदर्शक, दोन लिटरपर्यंतची प्लॅस्टिकची बाटली निवळलेल्या पाण्याने भरून सहा तास उन्हात आडवी ठेवायची. आभाळ निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर दोन दिवस. बाटली वर्तमानपत्रावर उभी करून वरून बघा, मथळा वाचता आला पाहिजे. माणदेशात एप्रिलमध्ये हा उपाय छान चालतो. जुलैत ठोसेघरला करून बघू नका, तिथे सहा तास ऊनच सापडणार नाही.

शेवटचा तांब्या

गडावरच्या त्या प्रकरणानंतर आम्ही नेमाने उकळून प्यायला लागलो. तरी एकदा दोघांची पोटं बिघडली. मग लक्षात आलं की पाणी मोठ्या पातेल्यात गार करायला ठेवलं होतं आणि जो येईल तो आपला मग त्यात बुडवत होता. कुणी नुकताच बूट काढलेला, कुणी झाडामागून आलेला. साबण कुणाच्याच पिशवीत नव्हता.

आता पातेल्यावर झाकण असतं आणि झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं. हात लावायचा तो दांड्यालाच. गेल्या हिवाळ्यात एका नव्या पोराने सवयीने तांब्या बुडवला, तेव्हा अख्खं पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. त्या दिवशी चहा उशिरा झाला आणि तो पोरानेच केला.