मुंबईत परवडणारी भाड्याची खोली शोधायचीय? सुरुवात गावातूनच करा

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या चिपळूणकडच्या दोन-चार घरांतून फोन येतोच, पोराला मुंबईला नोकरी लागली, खोली कुठं बघू. आणि आमच्याकडं मुंबई म्हणजे विरारपासून पनवेल-बदलापूरपर्यंत सगळं मुंबईच, त्यामुळे प्रश्न वाटतो तेवढा सोपा नसतो. मी स्वतः तिकडं अकरा वर्षं काढली, कळवा, दिवा, कामोठे असं फिरत चार घरं बदलली, त्यातल्या एका मालकानं रंगकामाच्या नावाखाली अख्खं डिपॉझिट गिळलं, तर आता सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

पहिलं काम म्हणजे अ‍ॅप उघडू नका, गणपतीत गावात बसा. खरंच सांगतो, एवढा स्वस्त आणि मस्त सर्व्हे दुसरा नाही. नालासोपारा, दिवा, डोंबिवली, बदलापूर, घणसोली, सगळीकडचे चाकरमानी पाच-सात दिवस एकाच वाडीत असतात, आरती झाली की प्रसाद हातात घेऊन प्रत्येकाला विचारायचं, भाडं किती, डिपॉझिट किती, स्टेशनवरून चालत किती वेळ. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुरुष माणूस आपला एरिया कधी वाईट सांगणार नाही. मागच्या खेपेला भाच्यासाठी विचारत होतो, तर नालासोपाऱ्याचे एक दादा ओटीवर बसून अगदी छाती ठोकून, आमच्याकडं पाण्याचा प्रॉब्लेम अजिबात नाही. आतून वयनी मोदकाच्या पाऱ्या वळता वळता ओरडल्या, "त्यांचं काय ऐकतोस, ते असतात कधी घरी? एप्रिल लागला की आम्ही टँकरच्या मागं!" तेव्हापासून माझा नियम झालाय, भाडं दादाला विचारायचं आणि पाणी वयनीला.

गणपती लांब असेल तर वाडीच्या मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच. परळ-लालबागच्या जुन्या चाळींत काही गावांच्या सामाईक खोल्या अजून टिकून आहेत, तुमच्या गावाची असेल तर पहिले पंधरा दिवस तिथं नाहीतर काका-मामाकडं काढा आणि मुंबईत राहूनच घर शोधा. गावावरून फोटो बघून टोकन पाठवायचं नाही, म्हणजे नाहीच. घर दाखवायच्या आधी गेटपासचे म्हणून पैसे मागणारा, किंवा मी मिलिटरीत आहे, पोस्टिंगवर आहे म्हणून भेटू शकत नाही असं सांगणारा मालक निघाला तर फोन ठेवून द्या.

आता एरिया. इथं सगळे चुकतात ते असं की आधी स्वस्त एरिया शोधतात आणि मग ऑफिसला कसं जायचं ते बघतात. उलटं करा. ऑफिसचं स्टेशन धरा, त्या लाईनवर बोट ठेवून मागं मागं या, आणि गाडी एकदाच बदलावी लागेल एवढाच भाग बघा. ऑफिस लोअर परळला असेल तर वेस्टर्नला नायगाव-नालासोपारा किंवा सेंट्रलला कळवा-डोंबिवली, दोन्ही चालतं, कारण सेंट्रलचं करी रोड आणि वेस्टर्नचं लोअर परळ हाकेच्या अंतरावर आहेत. अंधेरीला असेल तर सेंट्रलवाल्यांनाही घाटकोपरहून मेट्रो आहे, २०१४ पासून. ऐरोली-महापेकडं असेल तर ठाणे-पनवेल ट्रान्सहार्बर लाईनवरच राहा, दुसरीकडं बघूच नका. उरणची लोकल जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाली, त्यामुळे उलवे लोकांच्या नजरेत आलं, पण तिथं अटल सेतू झाला, विमानतळही झाला, आता जुने भाव कुणी सांगितले तर हसून सोडून द्या.

आणि स्टेशनचं नाव ऐकून भाडं ठरवू नका, कारण एकाच स्टेशनला दोन मुंबई असतात. पूर्व आणि पश्चिम यांत फरक, स्टेशनपासून चालत जाता येणारं आणि शेअर रिक्षाचं यांत फरक. नवी मुंबईत तर अजून एक भानगड आहे, सेक्टर आणि गाव. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली इथं सिडकोनं वसवलेले सेक्टर वेगळे आणि त्यांच्या पोटात जुनी गावठाणं वेगळी. सेक्टरात ज्या पैशात वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, येतो त्यात गावात थोडी मोठी खोली मिळू शकते, पाच मिनिटांच्या अंतरावर. कोपरखैरण्याला माथाडी कामगारांसाठी बांधलेली छोटी घरं आहेत, तिथंही एकट्या पोराचं भागतं. दलाल तुम्हाला हे आपणहून सांगणार नाही, त्याचं कमिशन भाड्यावर असतं.

गावठाणातला धोकाही सांगतो. इमारतीला इमारत खेटलेली, उजेड नाही, आणि कागदांचा पत्ता नाही. दिवा, नालासोपारा पूर्व, डोंबिवलीची आजूबाजूची गावं, सगळीकडं हेच. ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन गणपतीत, विरारला चार मजली इमारत कोसळली ती आठवत असेल. म्हणून मालकाला सरळ विचारा, बिल्डिंगला ओसी, म्हणजे महापालिकेचा राहायला परवानगीचा दाखला, आहे का, आणि महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते त्यात नाव नाही ना ते बघा, सी-वन लिहिलेलं असलं तर ती राहायच्या लायकीची नाही, भाडं निम्मं असलं तरी.

मग हिशेब. माझ्या भाच्याला महाप्याला नोकरी लागली होती, तो दिव्यावर अडून बसला, कारण आपली सगळी माणसं तिथं आणि भाडं साडेसहा हजार. घणसोली गावात खोली नऊ हजार. वरवर बघता अडीच हजारांचा फरक. मग कागद घेतला. दिव्याला घर ते स्टेशन आणि इकडं स्टेशन ते ऑफिस मिळून रोज रिक्षाचे ८० रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तर २,००० झाले. राहिला फरक ५०० रुपयांचा, आणि त्यातून पास अजून जायचाच होता. घणसोलीहून ऑफिसची बस दारातून. दिव्याहून ठाण्याला गाडी बदलून दीड तास, घणसोलीहून वीस मिनिटं, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे सव्वादोन तास वाचले, महिन्याचे पन्नासच्या वर. रात्री साडेनऊला घरी पोचलेला पोरगा भात लावत नाही, बाहेर चायनीज खातो, तो खर्च मी धरलाच नव्हता. आणि दिव्याची सकाळची गर्दी ज्यानं बघितली नाही त्यानं आधी एकदा बघावी. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडून गेली.

दिवा वाईट म्हणत नाहीये मी. ऑफिस ठाण्यात असेल तर त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. पण तुमचा कागद तुम्हीच मांडायचा, त्यात भाडं, रिक्षा, पास, लाईटबिल, पाण्याचे पैसे सगळं धरायचं, आणि वेळ वेगळा लिहायचा.

आता बघायला जाल तेव्हा. दोनदा जा, एकदा सकाळी आठला स्टेशनवर उभं राहायला आणि एकदा रात्री नऊनंतर, त्या रस्त्यानं चालत. बायामाणसांसाठी घर असेल तर रात्रीची फेरी टाळूच नका. पाण्याची वेळ विचारा आणि त्या वेळेला नळ उघडून बघा. लाईटचा मीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरवरून काढलेला सब-मीटर, सब-मीटर असेल तर युनिटला किती लावतो ते आधीच विचारून घ्या, तिथं बरेच जण कमाई करतात.

आणि भिंती बघा. आम्ही चिपळूणवाले २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर कुठंही गेलो तरी आधी भिंतच बघतो. तळमजल्याला नवीन रंग फक्त छातीपर्यंत मारलेला आहे, दाराची चौकट खालून फुगलेली आहे, मीटरबॉक्स माणसाच्या डोक्याच्याही वर बसवलाय, फ्रीज सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवून ठेवलाय, म्हणजे पाणी येऊन गेलंय, मालक काही का सांगेना. समोरच्या किराणावाल्याला विचारा की पाण्यात माल कुठल्या फळीपर्यंत भिजला, तो बरोबर फळी दाखवतो. नालासोपारा, वसई आणि उल्हास नदीच्या काठचं बदलापूर इथं पहिल्या मजल्याच्या खाली घेऊच नका, हे माझं मत.

पसंत पडलं की अ‍ॅग्रीमेंट. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, असतं, आणि अकराच महिन्यांचं आहे, रजिस्टर कशाला, असं सांगणारे भेटतील, तर महाराष्ट्रात ते लेखी आणि रजिस्टर करणं कायद्यानं सक्तीचंच आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि करून घ्यायची जबाबदारी मालकाची. घरबसल्या ऑनलाईन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का लागते आणि शहरात रजिस्ट्रेशन फी एक हजार, त्यामुळे कुणी सात-आठ हजार खर्च सांगत असेल तर फोड करून मागा. लॉक-इन, म्हणजे मधेच खोली सोडता येत नाही तो काळ, किती महिने आणि नोटीस किती दिवसांची हे वाचल्याशिवाय अंगठा लावू नका. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यावी लागते, तीही त्याच दिवशी उरका. दलाली साधारण एका महिन्याचं भाडं. हेवी डिपॉझिट नावाचा प्रकार आहे, दोन-चार लाख एकदम द्यायचे आणि भाडं नाममात्र, ऐकायला गोड वाटतं पण ते पैसे परत काढताना काय होतं ते ज्यांचे अडकलेत त्यांना विचारा. मी तरी कुणाला सुचवत नाही.

चावी हातात आली की सामान आत न्यायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, प्रत्येक भिंत, नळ, फुटकी टाईल, मीटरचं रीडिंग, आणि तो तिथल्या तिथं मालकाला पाठवायचा. माझे रंगकामाचे पैसे गेले ते हा एक व्हिडिओ काढला नव्हता म्हणून.

एक आपल्या माणसांसाठीच सांगायचं राहिलं. दोन एरियात मन अडकलं असेल तर गावाची गाडी कुठं थांबते ते बघा. सावंतवाडी-रत्नागिरीच्या पॅसेंजर दिव्याला येतात, कोकणकन्या, मांडवी, तुतारी पनवेलला थांबतात, एसटीही पनवेलवरूनच जाते. कामोठ्याला राहायचो तेव्हा मे महिन्यात गावावरून येताना पहाटे पनवेलला उतरलो की हार्बरची गाडी धरून दोन स्टेशनं मागं मानसरोवर, उजाडायच्या आत घरात. नालासोपाऱ्याच्या दादांना तोच प्रवास पोतंभर तांदूळ आणि दोन फणस घेऊन करायला अर्धा दिवस जातो, आणि त्यातला एक फणस वाटेत कुणाच्या तरी पायावर पडतोच.