क्यूबिटटोरंट चालू केला की कॉम्प्युटर रखडतो? हे बदलून पाहा

क्यूबिटटोरंट या टोरंट डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रामवर लिनक्सची पाच-सहा जीबीची आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कची नक्कल) फाइल उतरवायला लावली की काही वेळात ब्राउझर अडखळू लागतो. टास्क मॅनेजरमध्ये एकूण मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसते, पण क्यूबिटटोरंटच्या ओळीतला आकडा अगदी साधा. त्यावर विसंबू नका. 'डिटेल्स' टॅबमध्ये कुठल्याही कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून 'वर्किंग सेट' (प्रोग्रामने रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली जागा) हा कॉलम जोडा, म्हणजे खरा आकडा समोर येतो.

फाइलींची देवाणघेवाण प्रत्यक्षात लिबटोरंट ही लायब्ररी करते. तिच्या २.० आवृत्तीत फाइल थेट मेमरीत मॅप होते, म्हणजे मेमरीचाच भाग असल्यासारखी वापरली जाते, आणि त्यातलं किती ठेवायचं ते विंडोज ठरवतं. मग ब्राउझरचा डेटा मेमरीतून बाहेर, डिस्कवर ढकलला जातो. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे हे 'हेल्प' मेनूतल्या 'अबाउट'मध्ये, 'सॉफ्टवेअर यूज्ड' टॅबवर दिसेल.

२.० असेल तर 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'अॅडव्हान्स्ड' उघडा. 'फिजिकल मेमरी युसेज लिमिट' मूळचं ५१२ एमबी असतं; ४ जीबी रॅमच्या मशीनवर २५६ करा. तेवढ्याने भागलं नाही तर 'डिस्क आयओ टाइप' बदलून 'पॉझिक्स-कम्प्लायंट' निवडा आणि प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. फार वेगवान लाइनवर डाउनलोड थोडं मंदावेल, पण मशीन मोकळं राहील. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे लिबटोरंट १.२ असलेला इन्स्टॉलर वापरणं. जुना प्रोग्राम काढताना टोरंट आणि कॅशे पुसण्याच्या पर्यायावर टिक करू नका, नाहीतर सगळी यादी जाईल. निव्वळ 'व्ही२' (टोरंटची नवी पद्धत) प्रकारचे टोरंट मात्र १.२ वर चालत नाहीत. १.२ मध्ये 'डिस्क कॅशे' -१ म्हणजे आपोआप असतो, तिथे ६४ (एमबी) लिहिलं तरी पुरतं.

मेमरी ठीक असूनही घरातलं सगळंच नेट रखडत असेल, तर दोष एकाच वेळी उघडल्या जाणाऱ्या कनेक्शन्सचा. 'कनेक्शन' पानावर एकूण मर्यादा ५०० वरून २०० आणि दर टोरंटची १०० वरून ५० करा. स्वस्त राउटरला एवढंच झेपतं. अपलोडला लगाम घालणं त्याहून महत्त्वाचं. अपलोडची लाइन तुडुंब भरली की डाउनलोडच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात, म्हणून साधारण ८० टक्क्यांवर थांबा. १० एमबीपीएस अपलोड असेल तर 'स्पीड' पानावर सेकंदाला साधारण ९५० केआयबी (जवळपास किलोबाइटच) लिहा. इथे एमबीपीएसचा आकडा तसाच टाकणारे बरेच असतात. बिट आणि बाइटमधला आठपटीचा फरक लक्षात घ्या.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल तर 'बिटटोरंट' पानावर 'टोरंट क्यूइंग' चालू करून एका वेळी दोनच डाउनलोड ठेवा. फिरत्या हार्ड डिस्कवर 'प्री-अॅलोकेट' (फाइलची पूर्ण जागा आधीच राखून ठेवणं) टिक केल्याने फाइल तुकड्यातुकड्यांत विखुरत नाही. आणि 'फोर्स रीचेक' उगाच दाबू नका, तो पूर्ण फाइल पुन्हा वाचून तपासतो.