अ‍ॅनिमेच्या म्युझिकवर आणि फॅन कल्चरवर अभ्यास करायचाय? मग सुरुवात अशी करा

अ‍ॅनिमेवर, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनवर, प्रोजेक्ट किंवा थेट थिसिस करायचा म्हटलं की बरेच जण 'अ‍ॅनिमे आणि जपानी संस्कृती' असला अवाढव्य विषय घेतात आणि मग महिनोन्‌महिने नुसतं वाचत बसतात. तसं करू नका, एकच सीन घ्या, नाहीतर एक ओपनिंग, म्हणजे एपिसोडच्या सुरुवातीचं गाणं आणि त्यावरची दृश्यं, घ्या. टीव्ही सिरीजचं ओपनिंग साधारण दीड मिनिटाचं असतं, पण नीट उकललं तर एका पेपरला पुरून उरतं.

आधी आवाज पूर्ण बंद करून बघा, मग स्क्रीन झाकून नुसतं ऐका, मग दोन्ही एकत्र. प्रत्येक वेळी एका शीटमध्ये तीन रकाने भरायचे: वेळ, काय दिसतंय, काय ऐकू येतंय. शांतता असेल तर तीही लिहायची, ती हमखास सुटते.

उदाहरणच घ्या ना, 1995 मध्ये सुरू झालेल्या निऑन जेनेसिस इव्हँजेलियन या सिरीजचा 24 वा एपिसोड. शेवटाकडे जवळजवळ मिनिटभर चित्र हलतच नाही, मागे बेथोव्हनची नववी सिंफनी चालू, आणि आपण श्वास रोखून बघत असतो. तुमच्या शीटमध्ये चित्राच्या रकान्यात एकच ओळ आणि आवाजाचा रकाना भरून वाहतोय, म्हणजे तिथे वेळ पुढे नेण्याचं काम म्युझिक करतंय हे डोळ्यांना दिसतं. मग याचा धागा मागे नेता येतो, 1963 च्या अ‍ॅस्ट्रो बॉयपर्यंत, जिथे निर्माते तेझुका ओसामूंनी दर आठवड्याला एपिसोड द्यायचा म्हणून कमी चित्रांत भागवायची पद्धत टीव्हीवर रुजवली.

दुसरा प्रश्न नेहमी विचारा, आधी काय आलं, चित्र की संगीत? काउबॉय बीबॉपमध्ये (1998) संगीतकार कान्नो योको यांनी आपणहून केलेल्या ट्रॅक्सवरून दिग्दर्शक वातानाबे शिनइचिरो यांना काही सीन सुचले, म्हणजे 'बॅकग्राउंड म्युझिक' हा शब्द तिथे चालतच नाही. आणि तुमच्या हातात कुठलं व्हर्जन आहे ते आधीच तपासा. 2019 मध्ये इव्हँजेलियन नेटफ्लिक्सवर आलं तेव्हा जपानबाहेर बऱ्याच ठिकाणी एपिसोडच्या शेवटचं 'फ्लाय मी टू द मून' गाणंच काढलेलं होतं, त्यावरून निष्कर्ष काढलात तर सगळं फसेल.

आता फॅन्स. माझं ठाम मत आहे की म्युझिक आणि फॅन्स वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये टाकू नयेत. अ‍ॅनिमेची दृश्यं दुसऱ्या गाण्यावर बसवायची, म्हणजे एएमव्ही (अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ) करायचे, हे फॅन्स 1980 च्या दशकापासून करतायत, तेव्हा दोन व्हीसीआर जोडून व्हायचं ते काम. असा एखादा एएमव्ही घ्या आणि मूळ सीनच्या शीटशेजारीच त्याची शीट ठेवा, कट कुठल्या बीटवर पडलाय, कुठला चेहरा लांबवलाय, कुठला वगळलाय, यातून त्या फॅनने मूळ सीन कसा ऐकला ते कळतं. जपानच्या निकोनिको या व्हिडिओ साइटवर तर कमेंट्स व्हिडिओवरूनच सरकत जातात, ठराविक क्षणाला चिकटलेल्या, त्यामुळे चौथा रकाना आपोआप तयार.

थिअरीसाठी माध्यम अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांचं 1992 पासूनचं सहभागी संस्कृतीवरचं (म्हणजे फॅन्स नुसतं बघत नाहीत, स्वतःही काही घडवतात) काम वाचा, आणि 2006 ला सुरू झालेलं मेकाडेमिया हे अ‍ॅनिमेवरचं जर्नल चाळा. पण फक्त अमेरिकन चष्म्यातून बघू नका, 1975 पासून चालू असलेल्या टोकियोच्या कॉमिकेट या फॅन्सच्या बाजारात फॅन्स स्वतःची कॉमिक्स आणि म्युझिक सीडी स्वतः विकतात, तिथले अलिखित नियम वेगळे आहेत.

फॅन्सशी बोलताना परवानगी घ्या, हे अगदी मनापासून सांगतोय. कमेंट जशीच्या तशी छापली की सर्च करून माणूस सापडतो, म्हणून ती आपल्या शब्दांत लिहा. एएमव्ही करणाऱ्याला मात्र विचारा, काहींना नाव हवं असतं, काहींना अजिबात नको असतं. आणि कॉपीराइटमुळे असे व्हिडिओ कधीही गायब होतात, तर बघितल्या दिवशीच तारीख, लिंक आणि स्क्रीनशॉट शीटमध्ये टाकून ठेवा.