केबिनच्या बोटीत पाणी येतंय? आधी वरचं की खालचं ते ठरवा

समुद्रात बोटीत साचलेलं पाणी खारट की गोडं, यावरून गळती कुठली ते कळतं. हिडकलच्या जलाशयात ती सोय नाही. पावसाचं आणि धरणाचं पाणी चवीला सारखंच. म्हणून तळ कोरडा पुसा, बोट पाण्यातच ठेवून ताडपत्रीने पूर्ण झाका आणि दोन दिवस थांबा. तरी पाणी साचलं तर दोष तळात किंवा बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यापाशी. बोट बाहेर काढावीच लागेल. तळ कोरडा राहिला तर पाणी वरूनच येतंय.

वरची गळती फसवी. थेंब पडतो त्याच्या वरच भोक असेल असं नाही. अस्तराआडून पाणी हात-दीड हात सरकतं. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने पाइपने हळू धार सोडावी. सुरुवात खालून, एका जागी पाच मिनिटं, मग वर. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

जागा सापडली की नुसता वरून थर चोपडू नका. तिथली कडी किंवा क्लीट (दोर बांधायचा खुंटा) पूर्ण काढा, जुनं सीलंट (फट बुजवायचा लेप) खरवडा, ॲसिटोनने पुसा (ॲक्रिलिकच्या काचेला मात्र लावू नका, तडे जातात). स्क्रूच्या भोकाच्या तोंडाला थोडा उतार द्या, स्क्रूभोवती ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) गुंडाळा आणि स्क्रू थोडाथोडा, दोन-तीन दिवसांत आवळा. बाथरूमचं सिलिकॉन नकोच. त्याच्या अंशावर पुढे दुसरं काही चिकटत नाही.