मराठी लाटेक फाइलची पीडीएफ, छपाईला नेण्याआधी

नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे सोसायटीचा अहवाल छापायला न्यायचाय, आणि तो लाटेकमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून पानं जुळवणारी प्रणाली) लिहिलाय? पीडीएफ करायला पीडीएफलाटेक या कमांडच्या नादी लागू नका. देवनागरीसाठी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) झीलाटेक ही कमांड चालवा. लाटेकला फाँट सांगणाऱ्या फाँटस्पेक पॅकेजमध्ये फाँट नेमताना ‘स्क्रिप्ट’ हा पर्याय ‘देवनागरी’ असा द्यायलाच हवा. तो राहिला की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. अनुक्रमणिका असेल तर कमांड दोनदा: पहिल्या फेरीत पानांचे आकडे नुसते टिपले जातात, छापले जातात दुसऱ्या फेरीत. कागद ए४.

मग पीडीएफमधल्या फाँटची यादी दाखवणारी पीडीएफफाँट्स ही कमांड चालवा. ‘एम्ब’ (फाँट फाइलमध्येच भरलाय का) या रकान्यात एखादं ‘नो’ दिसलं, तर दुकानातल्या संगणकावर अक्षरं बदलू शकतात. फाइल जड झाली तर घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची ‘ईबुक’ सेटिंग फोटो १५० डीपीआयवर (इंचामागे ठिपके) आणते. व्हॉट्सअ‍ॅपला पुरे, छपाईला ‘प्रिंटर’ सेटिंगचे ३०० बरे.